सोमवार आणि सेगुंद-फैर

भेटीचा दिवस ठरविणे हा दोन माणसांमधला सर्वांत साधा करार होय. आपण केव्हा मोकळे आहात, मी केव्हा यावे, आणि मग उभयतांस मान्य असा एक वार व एक वेळ. एवढ्यावर तो पुरा होतो. तथापि त्या वाराचे नाव उच्चारताच त्या समाजाचा हजार-दीड हजार वर्षांचा इतिहास न बोलाविता मध्ये येऊन बसतो. पोर्तुगीज भाषेच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. आणि त्या भाषेशी गोमंतकाचा साडेचारशे वर्षे संबंध आल्यामुळे तो इतिहास आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

पोर्तुगीज मनुष्य भेट ठरविताना मोठ्या अदबीने बोलतो. 'आपणांस केव्हा सोयीचे पडेल' असे विचारण्यासाठी तो 'कोंव्हेंय' हे क्रियापद योजतो, ते आमच्या 'सोयीचे'च्या अगदी जवळचे आहे. समोर बसलेल्या वैद्यालाच तो 'डॉक्टरसाहेब बुधवारी येऊ शकतील काय' असे तृतीय पुरुषात विचारतो. दरबारी मराठीत वाढलेल्या माणसास यात काहीच परके वाटणार नाही. 'पोद सेर न क्विंत?' म्हणजे 'गुरुवारी जमेल का?' ठरले तर 'फिक पार सेगुंद' असे उत्तर येते, अर्थात 'सोमवारवर राहिले.' येथपर्यंत दोन भाषा जणू शेजारणी आहेत. अडते ते त्या 'क्विंत' आणि 'सेगुंद' या शब्दांपाशी. क्विंत म्हणजे पाचवी, सेगुंद म्हणजे दुसरी. गुरूचे नाव नाही, सोमाचेही नाही, नुसता क्रमांक!

पोर्तुगीज आठवडा असा आहे: दुमिंगु, सेगुंद-फैर, तेर्स-फैर, क्वार्त-फैर, क्विंत-फैर, सेश्त-फैर, साबादु. दुमिंगु म्हणजे प्रभूचा दिवस, साबादु म्हणजे यहुद्यांचा विश्रांतिवार शब्बाथ, आणि मधल्या पाचांना दुसरी, तिसरी, चौथी असे अंक. बोलताना 'फैर' बहुधा गळून पडते व अंकच उरतो. यातील 'तेर्स' हे रूप तर भाषेत इतरत्र क्रमवाचक म्हणून चालतही नाही; तिसरीला पोर्तुगीज 'तेर्सैर' म्हणतात. जुन्या लॅटिनचे एक रूप वाराच्या नावात गोठून राहिले आहे.

आता नवल असे की, पोर्तुगालच्या सख्ख्या भाषाभगिनींत हा प्रकार नाही. स्पॅनिशमध्ये सोमवार 'लुनेस', फ्रेंचमध्ये 'लंदी', इटालियनमध्ये 'लुनेदी', म्हणजे तिन्ही ठिकाणी चंद्राचाच वार. मंगळाचा मार्स, बुधाचा मर्क्युरी, गुरूचा जोव्ह आणि शुक्राची व्हीनस या सर्वांनी त्या भाषांत आपापले वार राखले आहेत. लॅटिनच्या या मोठ्या लेकींपैकी पोर्तुगीज तेवढी ग्रहांना मुकली. याचे उत्तर शोधू गेल्यास सहाव्या शतकातील ब्रागा या नगरापर्यंत मागे जावे लागते.

ब्रागा हे आजच्या पोर्तुगालच्या उत्तर भागातील शहर त्या काळी सुएवी नावाच्या जर्मन वंशाच्या लोकांची राजधानी होते. तेथे पान्नोनियाहून, म्हणजे आजच्या हंगेरीच्या प्रदेशातून आलेला मार्तिन नावाचा विद्वान मठाधिपती प्रथम दुमे येथे व पुढे ब्रागास धर्मगुरूंचा प्रमुख झाला. इ. स. ५७२ मध्ये ब्रागा येथे धर्मसभा भरली, आणि त्यानंतर लवकरच मार्तिनने आस्तोर्गाचा बिशप पोलेमियस यास एक दीर्घ प्रवचन लिहून पाठविले. त्याचे नाव 'दे कोर्रेक्तिओने रुस्तिकोरुम', म्हणजे 'खेडुतांच्या सुधारणेविषयी'. बाप्तिस्मा घेऊनही जुनी चाल न सोडणाऱ्या शेतकऱ्यांस कसे समजवावे, हा त्याचा विषय.

त्या प्रवचनातील दोषांची यादी आमच्या वाचकांनी सावकाश ध्यानात घेण्याजोगी आहे. झाडांपाशी, शिळांपाशी, झऱ्यांपाशी आणि तिठ्यावर दिवे लावणे. झऱ्याच्या पाण्यात भाकरी टाकणे. विणावयास बसताना स्त्रियांनी मिनर्व्हा देवीचे नाव घेणे. शुक्राचा वार पाहून लग्न करणे. कोणत्या दिवशी प्रवासास निघावे याचा विचार करणे. हे सर्व मार्तिनच्या मते सैतानाचे पूजन. आमच्या घरी वडीलधारी माणसे जे रोज करीत आली, त्याचीच ही टिपणी वाटावी! मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी ही नावे दुष्टांची असून देवाने निर्माण केलेल्या दिवसांस ती देणे हा अपराध आहे, असाही त्याचा आग्रह होता. अर्थात एका माणसाच्या एका पत्राने एका देशाची बोली बदलली असे म्हणणे आम्हांस धाडसाचे वाटते. वारांना अंक देण्याची रीत धर्मपीठाच्या लॅटिनमध्ये मार्तिनपूर्वीच होती. 'चौथी फेरिया' आणि 'सहावी फेरिया' या उपवासाच्या दिवसांचे उल्लेख त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. ब्रागाच्या परिसरात ती रीत लोकांच्या तोंडी रुजली, एवढे मात्र निर्विवाद. तेथील सां व्हिसेंत चर्चमधील एका मृत्युलेखात 'सेकुंदा फेरिया' असा वार कोरलेला आहे. त्यातील काळ हिस्पानी गणनेचा ६५६ आहे. ही गणना इसवी सनापेक्षा ३८ वर्षांनी पुढे असल्यामुळे तो इ. स. ६१८ ठरतो.

त्या 'फेरिया' शब्दाचीही एक गंमत आहे. लॅटिनमध्ये फेरिया म्हणजे देवकार्याची सुट्टी, काम बंद ठेवण्याचा दिवस. आज पोर्तुगीजात 'फेरियादु' म्हणजे सरकारी सुट्टी आणि 'फेरियश' म्हणजे लांब रजा. त्याच शब्दाचे 'फैर' हे लेकरू मात्र सोमवार ते शुक्रवार या पाच कामाच्या दिवसांना चिकटून बसले. लिस्बनच्या कचेरीत 'सेगुंद-फैरला या' म्हणतात, तेव्हा शब्दार्थाने ते 'दुसऱ्या सुट्टीला या' असेच असते.

हे वाचून आमच्यातील कोणास आपल्या वारांविषयी अभिमान वाटू लागल्यास त्याने क्षणभर थांबावे, अशी आमची सूचना आहे. रवि, सोम, मंगळ हे वार वैदिक नव्हेत. वैदिक वाङ्मयात नक्षत्रे आहेत, ऋतू आहेत, तिथीचे बीज आहे. ग्रहांचे सात वार तेथे नाहीत. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून मराठी वाचकास ही गोष्ट नवी राहिलेली नाही. ग्रहांचे वार भूमध्य समुद्राच्या काठी जुळून आले आणि यवन ज्योतिषाबरोबर भारतात उतरले. त्यांचा क्रम असा का, याचे कारण होरा. प्राचीनांनी ग्रहांची रांग शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशी लाविली व दिवसाचा एकेक तास एकेकाच्या स्वाधीन केला. शनिवारचा पहिला तास शनीचा. सातांचे तीन फेरे एकविसाव्या तासाला संपतात. मग बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा, आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून असेच चौथे स्थान मोजले की चंद्र येतो, म्हणून सोमवार. पंचांग हाती घेऊन कोणीही हा ताळा पाहावा.

या 'होरा' शब्दाचे मूळ ग्रीक आहे. वराहमिहिराने बृहज्जातकात 'अहोरात्र' शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गळून 'होरा' झाला, असे एक मत नोंदविले आहे; ते चतुर आहे, परंतु आजचे भाषापंडित ते मानीत नाहीत. आणि हाच ग्रीक शब्द लॅटिनमधून पोर्तुगीजात 'ओर' या उच्चाराने उतरला. पोर्तुगीज मनुष्य भेटीची वेळ ठरविण्यास 'मार्कार ओर' म्हणतो. होरा आखून ठेवणे! उज्जयिनीकडे वराहमिहिर होरेचा विचार करीत होता ते शतक सहावे, आणि ब्रागास मार्तिन ग्रहवारांवर कोरडे ओढीत होता तेही सहावेच. एकच शब्द व एकच पद्धत. एका टोकाला तिचे शास्त्र झाले, दुसऱ्या टोकाला ते पाप ठरले.

आपल्याकडे वाराचा सर्वांत जुना म्हणून मान्य असलेला कोरीव उल्लेख मध्यप्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथे आहे. बुधगुप्ताच्या राज्यात, गुप्त संवत १६५ मध्ये, म्हणजे इ. स. ४८४ साली, मातृविष्णू व धन्यविष्णू या बंधूंनी जनार्दनाचा ध्वजस्तंभ उभारला. त्यावर आषाढ शुक्ल द्वादशी व सुरगुरूचा दिवस असे लिहिलेले आहे. म्हणजे परदेशाहून आलेला वार मार्तिनच्या पत्राच्या नव्वद वर्षे आधीच आमच्या देवळाच्या दारातील खांबावर स्थिरावला होता. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस तो खांब आजही पाहता येईल. आम्ही वार पाहुणा म्हणून घेतला आणि देवाच्या पंक्तीस बसविला. सोमवार शंकराला, मंगळवार-शुक्रवार देवीला, गुरुवार दत्ताला, शनिवार मारुतीला. ब्रागाने त्याच पाहुण्याचे नाव पुसून त्याला अंक दिला. इतिहासातील खरी तफावत ही आहे.

ही दोन वळणे गोमंतकात समोरासमोर आली. आफोंसु द आल्बुकेर्कने गोवे शहर दुसऱ्यांदा व कायमचे घेतले ती तारीख २५ नोव्हेंबर १५१०. त्या दिवशी वार होता सोमवार. जेत्यांच्या तोंडी सेगुंद-फैर. पुढे अर्ध्या शतकाच्या आतच साष्टी व तिसवाडीकडील देवळांवर संकट ओढवले. श्रीमंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून खाडीपलीकडे प्रियोळास आला, आणि तेथे आजही दर सोमवारी त्याची पालखी निघते. त्याच १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. मध्यंतरीची काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानात नवख्रिस्ती घरांतून हळद लावणे, तुळस ठेवणे यांसारख्या चालींवर बंदी घातली. मार्तिनची यादी व ही यादी यांत बाराशे वर्षांचे अंतर आहे, तरी त्या एकाच हाताच्या वाटतात. त्याआधी १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने तीन वर्षांच्या आत एतद्देशीयांनी आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे, असाही हुकूम सोडला होता.

अशा स्थितीत वारांची नावे तरी टिकावयास नको होती. परंतु ती टिकली, आणि हा आमच्या विवेचनाचा गाभा होय. गोव्यातील हिंदू घरात सोमार, मंगळार, बुधवार, ब्रेस्तार, शुक्रार, शेनवार, आयतार हे बोलले जातात यात नवल नाही. नवल असे की, शेजारच्या ख्रिस्ती घरातही कोंकणीत हेच वार आहेत. ब्रेस्तार म्हणजे बृहस्पतिवार. आयतार म्हणजे आदित्यवार, आणि ख्रिस्ती कुटुंब ज्या दिवशी देवळात जाते त्या दिवसाच्या प्रार्थनेला कोंकणीत 'आयताराचें मीस' म्हणतात. येशूच्या मरणाचा दिवसही शुक्रारच. मार्तिनने ज्या नावांवर पोर्तुगालात तुळशीपत्र ठेवले, तीच नावे त्याच्याच धर्माच्या छायेत, त्याच्याच देशाच्या राज्यात, साडेचारशे वर्षे गोव्याच्या चर्चच्या अंगणात उच्चारली गेली.

कोंकणीने पोर्तुगीज शब्दांकडे पाठ फिरविली होती, असेही म्हणता येत नाही. उलट काळाच्या बाबतीत तिने बरेच उसने घेतले. वेळ विचारताना आपण सर्वच 'कितलीं वरां जालीं' म्हणतो. हे 'वर' म्हणजे तीच पोर्तुगीज 'ओर', तीच होरा. ख्रिस्ती कोंकणीत आठवड्याला 'सुमान' म्हणतात, ते 'सेमान' या पोर्तुगीज शब्दावरून. मुळात 'सेमान' हा सातांचा वाचक. आपला 'सप्ताह' आणि फारसीतून आलेला 'हप्ता' हे त्याचेच दूरचे भाऊबंद. जत्रेच्या बाजाराला गोव्यात 'फेरी' म्हणतात. मराठीतील प्रदक्षिणेच्या फेरीशी तिचा संबंध नसून ती त्या 'फैर' शब्दाची लेक होय, असे आम्हांस वाटते. कारण पोर्तुगीजात 'फैर' म्हणजे बाजारही. देवाच्या सुट्टीच्या दिवशी लोक जमत, तेथे दुकाने मांडली जात. वास्को येथे श्रावणात दामोदराचा भजनी सप्ताह होतो, त्या वेळच्या बाजारालाही लोक 'फेरी'च म्हणतात. एवंच तास घेतला, आठवडा घेतला, बाजार घेतला. परंतु वार घेतला नाही. आजही 'सोमारा धा वरांचेर येयात' असे कोणी म्हणतो, तेव्हा त्या चार शब्दांत सोम देवळाकडून येतो व वर लिस्बनहून.

असे का झाले, याचा उलगडा पूर्वेकडे पाहिल्यास होतो. पूर्व तिमोर बेटावरही पोर्तुगीजांची सत्ता होती. तेथील तेतुम भाषेत आज वार 'सेगुंदा, तेर्सा, क्वार्ता, किंता, सेस्ता' असेच आहेत. मलायी भाषेत रविवारला 'मिंगु' म्हणतात तेही दुमिंगुवरून. सातांचा आठवडा त्या तिमोरी लोकांस बाहेरूनच मिळाला, म्हणून त्याच्याबरोबर त्याची नावेही आली. गोव्यात मात्र ती जागा रिकामी नव्हती. जोशीबुवांचे पंचांग होते, देवळाची पालखी होती, आणि त्याहून घट्ट असा आठवडे बाजार होता. शुक्रवारी म्हापसे आणि गुरुवारी बाणस्तारी हा क्रम बायकामुलांसही पाठ असतो. भाजी, मासळी, मडकी घेऊन येणाऱ्या माणसास आपल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत वार सांगावा लागतो, मग ते गिऱ्हाईक कोणत्या का धर्माचे असेना. आमच्या मते वारांस देवळापेक्षाही बाजाराने अधिक राखले. धर्म बदलला तरी बाजार एकच राहिला.

कचेरीत मात्र अंकांचे राज्य होते. पोर्तुगीज दरबारी चाकरीस असलेल्या हिंदू दुभाष्यांची व वकिलांची कामगिरी कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उजेडात आणली. पुण्याशी मराठीत आणि पणजीकडे पोर्तुगीजात व्यवहार करणाऱ्या या मंडळींस काळाची किती भाषांतरे करावी लागत असतील! मराठी पत्रात शक व तिथी, कधी अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन व मुसलमानी महिन्याचा चंद्र, आणि वार म्हणून इंदुवार, भौमवार, सौम्यवार, भृगुवार, मंदवार. पोर्तुगीज कागदात इसवी तारीख. तिथी तारखेशी जुळत नाही, चंद्र दोहोंशी जुळत नाही. जुळतो तो एक वार. मंदवार म्हणजे साबादु, भृगुवार म्हणजे सेश्त-फैर. नाव निराळे, दिवस तोच. जुन्या कागदाची तारीख पडताळून पाहताना इतिहाससंशोधक अजूनही वाराचाच ताळा घेतात. १५८२ मध्ये पोर्तुगालने पोपची नवी कालगणना स्वीकारली तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला, दहा तारखा नाहीशा झाल्या. पण गुरुवारनंतर शुक्रवारच उजाडला. वाराची माळ तेव्हाही तुटली नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी, मंगळवारी, पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणपत्रावर सही केली आणि कचेरीतील 'फैर' गोव्यातून उठली. आज ती भाषा पुन्हा शिकली जाते. गोवा विद्यापीठात तिचा अभ्यास होतो, आणि कामधंद्याच्या निमित्ताने लिस्बनला जाणारी आमची मुले तेथील कचेऱ्यांत व दवाखान्यांत 'ओर' आखून घेत असतात. त्यांस वारांचे अंक घोटाळ्यात टाकतात, कारण हल्ली सोमवार हा आठवड्याचा पहिला दिवस धरण्याची सवय झालेली आहे. मग सोमवार 'दुसरी' कसा? त्यांनी घरचे पंचांग आठवावे. आपल्या ज्योतिषातही वारांची मोजणी रविवारपासून आहे. रवि एक, सोम दोन, मंगळ तीन, बुध चार, गुरू पाच, शुक्र सहा. पोर्तुगीज अंक हेच आहेत. हैदराबादेकडील जुन्या फारसी दप्तरातील यक्शंबा, दोशंबा यांची गणतीही याच रीतीची.

दुसरी एक बाब त्यांस सोपी जाईल. इंग्रजी शिकलेल्या माणसास पोर्तुगीजांचे 'ओयतु दीयश', म्हणजे 'आठ दिवस', बुचकळ्यात टाकते. 'दाकी आ ओयतु दीयश' याचा अर्थ आठवड्याने असा होतो, आणि 'किंझ दीयश', म्हणजे 'पंधरा दिवस', याचा अर्थ दोन आठवड्यांनी. आजचा दिवस धरून मोजण्याची ही जुनी पद्धत. इंग्रज येथे सात आणि चौदा मोजतो. परंतु ज्याच्या मातृभाषेत सात दिवसांनाच 'आठवडा' म्हणतात, आणि ज्याच्या घरी भटजी मंगळवारी 'आठ दिवसांनी येतो' असे सांगून पुढल्या मंगळवारीच दारात उभे राहतात, त्यास हे निराळे समजावून देण्याची गरज नाही. तेर्स-फैरला कोणी 'ओयतु दीयश' म्हटले तर त्याने पुढच्या तेर्स-फैरलाच जावे, बुधवारी नव्हे.